एका ओळीचा गुन्हा

“आई, कधीपासून पितेस?”

लेकाने हे इतक्या हळू विचारलं, की आधी तिला वाटलं तो चहाबद्दलच बोलतोय. शिवणाच्या टेबलावर कुणा गिऱ्हाइकाचा लोकरी कोट उलटा पसरला होता, अस्तर अर्धं उसवून झालं होतं आणि तिच्या ओठांत दोन टाचण्या होत्या. त्या काढून तिने उशीत टोचल्या, मग वर पाहिलं. तेवढ्यात त्याने कोटावर एक कागद ठेवला. ठेवला कसला, आपटलाच.

लेक रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला होता. लॅबतर्फे यंदा पहिल्यांदाच कामावरच्या माणसांच्या घरच्यांची तपासणी होती, आणि आईचं रक्त चार दिवसांपूर्वी त्याने स्वतःच काढलं होतं. सुई टोचताना तिने हूं की चूं केलं नव्हतं. डोळे मिटून घेतले होते ते त्यानेच. त्याच तपासणीचा हा कागद. वरपासून खालपर्यंत यकृताच्या तपासण्या ओळीने मांडलेल्या, आणि त्यातल्या एका ओळीभोवती लाल पेनाने गोल... जीजीटी, दोनशे शहाऐंशी. शेजारी लिहिलेलं, चाळीसपर्यंत असावं.

तिच्या काळजात चर्र झालं. दुखण्याच्या भीतीने नव्हे. हा आकडा या घराच्या चांगल्याच ओळखीचा होता, आणि तो कुठल्या दाराने परत आला हे तिला पाहताक्षणी कळलं.

तिचा नवरा दारूत गेला त्याला सव्वीस वर्षं झाली होती. तो हयात असताना दर महिन्याला डॉक्टर त्याचं रक्त तपासत, आणि तो दर महिन्याला सांगे की थेंबाला शिवलो नाही. “तुम्ही काहीही सांगा, हा आकडा खोटं बोलणार नाही,” असं म्हणत डॉक्टर जीजीटीवर बोट ठेवत. घरी आल्यावर तोच कागद ती लेकापुढे धरायची. नवऱ्याच्या गोड बोलण्याला पोरगं पुन्हा पुन्हा भुलत होतं, पुन्हा पुन्हा रडत होतं, म्हणून तिनेच त्याला सांगितलं होतं, “बाबा काय म्हणतात ते ऐकू नकोस. ही ओळ बघ.” आठ वर्षांचं ते लेकरू शाळेतून आलं की दप्तर टाकायच्या आधी ती ओळ शोधायचं. बाराखडीच्या पाठोपाठ जीजीटी शिकलेलं जगाच्या पाठीवर दुसरं मूल नसेल.

आता ते मूल छत्तीस वर्षांचं झालं होतं आणि तिचाच धडा तिलाच म्हणून दाखवत होतं. पेरलं ते उगवतं म्हणतात. इतकं बेमालूम उगवेल असं मात्र कुणी सांगत नाही.

“मी पीत नाही,” ती म्हणाली.

“बाबाही हेच म्हणायचे.”

“मी बाबा नाही.”

“मग ठकूची शपथ घे. म्हण, की कधी, एकदासुद्धा, ओठांना लावली नाही.”

ठकू म्हणजे तिची चार वर्षांची नात. लेक आणि सून कामावर जाताना तिला रोज सकाळी इथे सोडून जात, आणि मग दिवसभर ती या टेबलाखाली बटणांचा डबा उपडा करून राज्य करी. आजीने शिवलेलं कुणाला तोकडं झालं की ठकू गिऱ्हाइकालाच दटावायची, “तुम्ही मोठे झालात!” नवरा गेल्यानंतरची सगळी वर्षं त्या म्हातारीने या एका सोनुल्या तोंडासाठीच काढली असावीत, असं वाटावं.

तिने शपथेसाठी तोंड उघडलं... आणि मिटलं. कारण एकदा लावली होती. ठकूची खोटी शपथ तिच्या जिभेवर येणं शक्यच नव्हतं.

लेकाचा चेहरा पांढरा पडला. “घेत नाहीस. घेणार कशी? मी पाहिलंय तुला. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं आणि तू पेला तोंडाला लावला होतास. बाटलीला पांढरा दोरा बांधून ठेवायचीस, आपला वाटा कुणी घेऊ नये म्हणून. तिकडे बाबांनी सोडली आणि इकडे तू धरलीस! दहा वर्षांचा होतो मी, आई. आजवर कुणाला बोललो नाही.”

म्हणजे सव्वीस वर्षं हे त्याच्या पोटात होतं! तिच्या हातचं जेवताना, तिच्या मांडीवर ठकूला देताना, आईला सुई टोचताना... तिचं अंतःकरण पिळवटून निघालं. तो पेला आणि तो दोरा कशासाठी होता हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण ती दोन वाक्यं त्याच्याजवळची एक गोष्ट घेऊन जाणार होती.

ती गोष्ट लेक अभिमानाने सांगत असे. आपल्या दहाव्या वाढदिवशी बाबांनी बाटली मोरीत रिकामी केली, एका दिवसात सोडली, आणि मरेपर्यंत थेंबाला शिवले नाहीत. मित्रांनी आग्रह केला की लेक आपला पेला पालथा घालायचा आणि म्हणायचा, “आमच्यात एकदा नाही म्हटलं की नाही.” हरलेल्या बापाची एवढीच एक जीत त्याच्यापाशी होती आणि तिच्या जोरावर तो ताठ उभा राहिला होता. ती कशी हिसकावून घ्यायची? आणि तीही आपली कातडी वाचवायला?

“शपथ घेणार नाही,” ती म्हणाली. “आणि जे केलं नाही ते कबूलही करणार नाही.”

“मग ठकू इथे येणार नाही.”

“ती तुझी मुलगी आहे. पण जाताना हा कागद ठेवून जा. रक्त माझं आहे.”

कागद टेबलावर राहिला आणि लेक गेला. कोट सकाळपर्यंत द्यायचा होता, म्हणून तिने पुन्हा सुई उचलली. टाके नेहमीसारखे सरळ पडले.

ठकूची रवानगी तिच्या आईच्या आईकडे झाली, आणि अचानक का, याचं कारण लेकाने तिथे जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं. हे सुनेने नवव्या दिवशी येऊन सांगितलं. पोर बिचारी खुर्चीच्या टोकावर बसली होती. सासूला दारुडी म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती आणि नवऱ्यावर अविश्वास दाखवायचं धाडसही होत नव्हतं. अशा माणसांची जगात मोठी पंचाईत असते; दोन्हीकडची बोलणी त्यांनाच खावी लागतात.

“आई, एक व्यसनमुक्ती केंद्र आहे,” ती खाली बघत म्हणाली. “महिनाभर राहायचं. तिथल्या बाई फार चांगल्या आहेत म्हणे. तुम्ही नुसतं हो म्हणा, मग ठकू पुन्हा तुमच्याकडे. तिने तर... जेवण सोडलंय. रोज विचारते, आजीची बटणं कोण मोजतंय.”

आजीने तोंड फिरवलं. डोळ्यांतलं पाणी सुनेला दिसू नये म्हणून ती उगाच मशीनला तेल घालू लागली. एक महिना... काय असतो एक महिना? नवऱ्याबरोबर बारा वर्षं काढली, मग एक महिना परक्या बायकांत बसून ‘मी पिते’ म्हणायला काय जातंय? जिभेला हाड थोडंच असतं! मग सकाळी दार वाजेल, टेबलाखालून तो डबा खुळखुळेल... तिचा जीव नुसता त्या आवाजाकडे धावला.

“तू कधी मला प्यालेली पाहिलीस?” तिने विचारलं.

“नाही.”

“वास आला कधी?”

“नाही हो... पण आई, तो आकडा?”

“त्या आकड्याची ओळख तुझ्या नवऱ्याला मीच करून दिली, बाळ. मला नको सांगूस.” तिने तेलाची कुपी खाली ठेवली. “आज मी खोटं कबूल केलं तर ठकू उद्या परत येईल, खरं आहे. पण ती मोठी होईल ना? तिला कुणीतरी सांगेल, तुझी आजी दारू प्यायची, तिनेच कबूल केलं होतं. मग ती माझ्याकडे कुठल्या डोळ्यांनी बघेल? तुझ्या नवऱ्याने सव्वीस वर्षं जसं बघितलं तसंच ना? नाही. जा, सांग त्याला, आई नाही म्हणाली.”

सून गेल्यावर मात्र ती टेबलावर डोकं टेकून पोटभर रडली. रडून झाल्यावर तळहात खाजवू लागली. ही खाज वर्षभराची होती. तळहात, तळपाय, कधी पाठ. लोकरीच्या कपड्यांमुळे असेल म्हणून तिने लोकरीला शिव्या घालून सोडून दिलं होतं. खाजवता खाजवता तिची नजर त्या कागदावर पडली. नऊ दिवसांत तिने तो लाल गोल शंभरदा पाहिला होता. कागद मात्र वाचलाच नव्हता. जो गुन्हा लेकाचा, तोच तिचाही!

तिने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. डॉक्टरीण नसली तरी सहा वर्षं नवऱ्याचे कागद वाचून तिची नजर तयार झाली होती. बिलिरुबिन ठीक, म्हणजे कावीळ नाही. अल्बुमिन ठीक, नवऱ्याचं खाली खाली जात राहिलं आणि पाय सुजत गेले, तसं काही नाही. एसजीओटी अठ्ठावन्न, एसजीपीटी चौसष्ट. इथे ती थबकली. नवऱ्याच्या कागदावर एसजीओटी नेहमी एसजीपीटीच्या दुप्पट असे, हे तिच्या पक्कं लक्षात होतं. इथे तर दोन्ही जरा जरा वाढलेली आणि उलट दुसरीच किंचित वर. आणि मग लाल गोलाच्या बरोब्बर वरची ओळ, अल्कलाइन फॉस्फेटेज... चारशे बारा! असायला हवं एकशेवीसच्या आत. नवऱ्याच्या कागदावर या ओळीने कधी फारसं डोकं वर काढलं नव्हतं. ही कुणीच पाहिली नाही?

तिने ठेवणीतला निळा कोट चढवला, केस नीट बांधले आणि लॅब गाठली.

काउंटरपलीकडे लेकच उभा होता. त्याला वाटलं, आई केंद्राला तयार झाली, म्हणून त्याचा चेहरा क्षणभर निवळला. पण तिने त्याच्याकडे न बघता शेजारच्या मुलीला सांगितलं, “मॅडमना भेटायचंय. पेशंट म्हणून.”

मॅडम म्हणजे लॅबच्या मुख्य डॉक्टर, तिच्याच वयाच्या, चष्मा कपाळावर ढकलून बोलणाऱ्या. त्यांनी कागद पाहिला, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या लेकाकडे पाहिलं.

“हा गोल कुणी काढला?”

“मी.”

“आणि वरच्या ओळीने काय घोडं मारलं होतं? तिच्याभोवती का नाही?”

लेक पुढे येऊन ती ओळ वाचू लागला.

“जीजीटी दारूने वाढतं, तसं पित्ताची वाट अडली तरी वाढतं, काही औषधांनीही वाढतं. बरोबर फॉस्फेटेजही इतकं वर असेल तर आधी पित्तनळ्यांचा विचार करायचा. एकट्या जीजीटीवरून माणसाला दारुडं ठरवायला या लॅबमध्ये कुणी शिकवलं तुला?” मॅडमचा आवाज चढला नाही, पण काउंटरवरची मुलगी उगाच फायली आवरू लागली. मग त्या आईकडे वळल्या. “ताई, अंगाला खाज सुटते?”

“वर्ष झालं. लोकरीची असेल.”

“लोकरीची तळपायाला कशी सुटेल? थकवा?”

“वय झालं की.”

“डोळे कोरडे पडतात?”

“सुईत दोरा ओवताना चुरचुरतात.” सांगता सांगता तिचा आवाज मंदावला. वेगवेगळ्या खुंट्यांना टांगून ठेवलेली आपली दुखणी ही बाई एका दोऱ्यात ओवते आहे, हे तिला कळायला लागलं होतं.

“पुन्हा रक्त घेऊ. एक वेगळी तपासणी करायची आहे, आणि पोटाची सोनोग्राफी. आत्ताच काही ठरवायचं नाही.” मॅडमनी लेकाला खूण केली. तो सुई घ्यायला वळला.

“त्याच्या हातून नको,” ती म्हणाली.

लेक जागच्या जागी थिजला. मॅडम उठल्या, हात धुतले आणि स्वतः रक्त काढलं.

आठ दिवसांनी निकाल आला. मॅडमनी दोघांना समोर बसवलं. पित्ताच्या मोठ्या वाटेत खडा नव्हता, अडथळा नव्हता. पण त्या वेगळ्या तपासणीत एक खूण सापडली होती. तिचं शरीरच चुकून तिच्या यकृतातल्या बारीक पित्तनळ्यांवर चालून जात होतं. हा आजार बहुधा चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना होतो आणि दारूशी त्याचा काही संबंध नाही, असं मॅडमनी स्वच्छ सांगितलं. “यकृताच्या डॉक्टरांना आजच दाखवायचं. एक गोळी असते, ती आयुष्यभर घ्यावी लागते. लवकर सापडलंय, ताई. दारूचा शिक्का बसला असता ना, तर पुढे कुणी शोधलंच नसतं. नळ्या आतल्या आत झिजत राहिल्या असत्या.”

आयुष्यभराचं दुखणं पदरात पडलं होतं, आणि तिला काय वाटलं म्हणाल तर... ताठ बसावंसं वाटलं! माणूस आजारी असला तरी चालतो, गुन्हेगार नसला म्हणजे झालं.

लेकाने दोन्ही हातांत डोकं धरलं होतं. “मग तो पेला?” तो स्वतःशीच बोलावा तसा म्हणाला. “मॅडम, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. बाबांनी तर एका दिवसात सोडली होती...”

“रोज पिणारे होते ना वडील?” मॅडमनी विचारलं. “एका दिवसात? आणि फिट नाही आली?”

“फिट आली होती. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी रात्री...”

“येणारच. अशा माणसाची एकदम बंद केली तर जीवही जातो. त्या काळी जवळपास दाखल करून घेणारं कुणी नसलं, तर डॉक्टर घरच्यांनाच सांगायचे, मोजून द्या, रोज थोडी थोडी कमी करा.”

मोजून... लेकाने मान वर केली. कोऱ्या कापडाला माप लावणारी, रेघ ओढायला जागा नसेल तिथे दोरा बांधून खूण करणारी आई त्याने जन्मभर पाहिली होती.

“आई... तो दोरा मोजायला होता?”

तिला मॅडमचा राग आला. इतकी वर्षं जपलेलं त्यांनी चार वाक्यांत उघडं केलं होतं. पण आता लपवणं म्हणजे त्याला पुन्हा एकाच ओळीवर ठेवणं होतं.

“मी तो रोज एक बोट खाली सरकवायची,” ती म्हणाली.

“आणि पेला तोंडाला लावलास तो?”

“बाबा चोरून घ्यायचे आणि दोऱ्यापर्यंत पाणी भरून ठेवायचे. जिभेला लावल्याशिवाय मला कळणार कसं? एकदाच लावली. कडू जहर होती.”

“म्हणजे बाबांनी सोडलीच नव्हती...” छत्तीस वर्षांच्या त्या बाप्याच्या आवाजात दहा वर्षांचं पोरगं रडत होतं.

“सोडली होती!” तिने त्याला मध्येच तोडलं. “बेचाळीस दिवसांत सोडली. चोरत, रडत, माझ्यावर भांडी फेकत सोडली. पुढे पाच महिने जगले, त्यात एक थेंब घेतला नाही. तुझ्या वाढदिवशी एका दिवसात सोडली, एवढंच मी पदरचं घातलं. एका दिवसात सोडण्यापेक्षा बेचाळीस दिवस रोज सोडणं जास्त कठीण असतं. सांगायचं तर आता हे सांगत जा.”

“आणि लोक तुला बाटली विकत घेताना बघायचे... तू कधी बोलली का नाहीस?”

“तुझ्यापाशी बापाचं तेवढंच चांगलं होतं.”

तो खुर्चीवरून घसरून तिच्यापुढे गुडघ्यांवर आला आणि खाजवून सोललेल्या तिच्या हातांवर कपाळ टेकून हुंदके देऊ लागला. तिचं वात्सल्य उचंबळून आलं. बोटं त्याच्या केसांत जायला निघाली होती... तिने ती आवरली. हात सोडवून घेतले.

“इथे नको. चार माणसांत बोललास, चार माणसांत परत घे.”

त्याच संध्याकाळी विहीणबाईंच्या घरी, त्याच जेवणाच्या टेबलाशी लेक उभा राहिला. समोर सून, व्याही आणि विहीणबाई. आई दाराजवळच्या खुर्चीवर, कोट न काढता. त्याने काही राखून ठेवलं नाही. कागद, गोल, न वाचलेली ओळ, दोरा, पेला, बेचाळीस दिवस, सगळं सांगितलं. “आई कधीच पीत नव्हती. मी एक ओळ वाचली आणि तिला दारुडी म्हणालो. चूक माझी,” तो म्हणाला. विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, “जाऊ द्या हो, झालं गेलं...” “नाही,” आई म्हणाली, “त्याला पुरं बोलू द्या.” आणि त्याने पुरं सांगितलं.

मग आतल्या खोलीतून ठकू धावत आली आणि आजीच्या मांडीवर चढून तिने तिची मान गच्च आवळली. इतके दिवस न वाकलेली ती बाई तेव्हा कुठे वाकली. नातीच्या इवल्या खांद्यावर तोंड लपवून ती सगळ्यांदेखत रडली, आणि तिला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

निघताना जिन्यावर लेकाने तिला अडवलं. “आई, मला माफ करशील?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळे सुजलेले, शर्टाची कॉलर मुडपलेली. ती तिने सवयीने सरळ केली.

“आज नाही,” ती म्हणाली. “गोळी आयुष्यभर घ्यायची आहे म्हणे मला. तेवढे दिवस रोज सकाळी ठकूला सोडायला येशील ना? होईल एखाद्या दिवशी.”